३४ मशीन, दोन ब्रँच आणि एक डोंगल: ऑफिसात रिमोट डेस्कटॉप टाकायचं तर

प्रश्न थोडक्यात असा आहे. नाशिकला कर सल्लागारांचं ऑफिस, तिथे २२ मशीन, सिन्नर आणि ओझरच्या ब्रँच मिळून अजून १२. डोमेन (सगळी मशीन एका जागेवरून सांभाळायची विंडोजची व्यवस्था) नाही, सर्व्हर म्हणावा असा एकच टॅलीचा पीसी. साहेबांनी सांगितलंय, सगळ्या मशीनवर रिमोट, म्हणजे दूर बसून मशीन वापरायची सोय, टाकून घे, सोमवारपर्यंत. आणि विचारलंय असं की फुकटचं एनीडेस्क (दूरच्या मशीनची स्क्रीन दाखवणारं सॉफ्टवेअर) टाकू का विंडोजचंच रिमोट डेस्कटॉप (आरडीपी) चालू करून राउटरवर पोर्ट, म्हणजे बाहेरून आत यायचं दार, उघडू, आणि एकेका मशीनपाशी जाऊन बसायचं का एकदम सगळीकडे टाकायची काही सोय असते.

मी चौदा वर्षं एएमसीची (वार्षिक देखभाल कराराची) कामं करतोय, बहुतेक गिऱ्हाइकं अशीच, वीस ते साठ मशीनवाली, सीए, वकील, दोन-तीन पतसंस्था, एक शाळा. तेव्हा जे लिहितोय ते या आकाराच्या ऑफिसांबद्दल आहे. पाचशे मशीनच्या कंपनीत यातलं निम्मं वेगळं होईल.

आधी एक काम करा, साहेबांना परत जाऊन विचारा की रिमोट म्हणजे नक्की काय पाहिजे. हसू नका, मी हे न विचारता दोनदा तोंडावर पडलोय. कारण एका माणसाच्या डोक्यात असतं की सिन्नरचा प्रिंटर बंद पडला की तू नाशिकहून बघ, दुसऱ्याला घरून रात्री टॅली उघडायचंय, आणि तिसऱ्याच्या डोक्यात स्टाफने जुलैमध्ये रिटर्नच्या धावपळीत घरून काम करावं असं असतं. तिन्हीला आपण रिमोटच म्हणतो पण तिन्हीची सोय वेगळी. पहिल्यात समोर माणूस बसलेला असतो आणि दोघांना एकच स्क्रीन दिसायला हवी. दुसऱ्या-तिसऱ्यात समोर कोणी नाही, मशीन एकटंच, ते चालू तरी आहे का इथपासून प्रश्न.

आता तुमचे दोन पर्याय. राउटरवर पोर्ट उघडणं हे पहिलं खोडून टाका. आरडीपीचा पोर्ट ३३८९, तो इंटरनेटवर उघडा दिसला की काही तासांत त्याच्यावर पासवर्ड मारून बघायला सुरुवात होते, कोणी माणूस बसलेला नसतो, स्क्रिप्ट, म्हणजे आपोआप चालणारे प्रोग्राम असतात, ते दिवसरात्र चालतात. २०१९ च्या मे महिन्यात ब्लूकीप नावाचं भोक सापडलं तेव्हा तर पासवर्डचीसुद्धा गरज नव्हती, इतकं वाईट होतं की मायक्रोसॉफ्टने एक्सपीसाठी, म्हणजे सपोर्ट केव्हाच बंद केलेल्या विंडोजसाठी, पॅच काढला. आणि "पोर्ट नंबर बदलला की झालं" हे जे सगळीकडे वाचायला मिळतं ना, ते मी स्वतः केलंय म्हणून सांगतो.

एका गिऱ्हाइकाकडे, नाव सांगत नाही, मीच ३३८९ चा काहीतरी पाच आकडी नंबर करून दिला होता आणि मनात खूश होतो. सात-आठ महिने काही झालं नाही. मग एका सोमवारी सकाळी फोन, सगळ्या फायलींची नावं बदललीत, टॅली उघडत नाही, म्हणजे कोणीतरी आत शिरून सगळं कुलूपबंद केलं होतं. जाऊन इव्हेंट व्ह्यूअर, म्हणजे विंडोजची नोंदवही, उघडला, सिक्युरिटीमध्ये ४६२५ फिल्टर लावला, हा फसलेल्या लॉगिनचा नंबर आहे, तर स्क्रोल करून संपेना. युजरनेम बघितली, ॲडमिनिस्ट्रेटर, ॲडमिन, युजर, स्कॅनर, आणि मग टॅली. त्या मशीनवर टॅली नावाचा युजर खरंच होता आणि पासवर्ड टॅली१२३ होता, तो माझा नव्हता पण बघणं माझं काम होतं. बॅकअपची हार्ड डिस्क कायम लावलेली, त्यामुळे तीपण गेली. अकाउंटंट बाईंनी स्वतःच्या समाधानासाठी दर महिन्याला पेन ड्राइव्हवर कॉपी घेऊन पर्समध्ये ठेवली होती, त्याच्यावर निभावलं. त्या दिवसापासून मी कुठल्याच राउटरवर आरडीपीसाठी काही उघडलेलं नाही.

तसंही तुम्हाला ते जमेलच असं नाही. हल्ली बऱ्याच ब्रॉडबँडवर आणि जवळपास सगळ्या मोबाईल इंटरनेटच्या डोंगलवर तुम्हाला स्वतःचा पब्लिक आयपी, म्हणजे इंटरनेटवरचा स्वतःचा पत्ता, मिळत नाही, शेकडो गिऱ्हाइकं एका आयपीमागे असतात, मग राउटरवर पोर्ट फॉरवर्ड करा नाहीतर काहीही करा, बाहेरून काही पोचत नाही. लोक दोन दिवस राउटरशी झटापट करतात आणि मग कळतं. शिवाय विंडोज होम एडिशन असेल तर आरडीपी त्याच्यात येणाऱ्यासाठी नाहीच, होमवरून दुसरीकडे जाता येतं पण होममध्ये कोणाला येता येत नाही, प्रो लागतं. ते इंटरनेटवर मिळणारं रॅपर टाकून होममध्ये चालू करतात तसलं काही ऑफिसच्या मशीनवर करू नका, लायसनमध्येही बसत नाही आणि विंडोज अपडेट आलं की बंद पडतं.

फुकटचं एनीडेस्क. सॉफ्टवेअर चांगलं आहे, मी वापरतो, पण फुकट हे घरगुती वापराला आहे. एनीडेस्क काय, टीमव्ह्यूअर काय, दोघंही बघत असतात की हा माणूस रोज दहा वेगवेगळ्या मशीनवर जातोय, मग धंद्यासाठी वापरताय असा संशय आल्याचा मेसेज येतो आणि सेशन तुटायला लागतं. आणि ते तुटणार २० तारखेला, जीएसटीचं थ्रीबी रिटर्न भरायच्या दिवशी, कारण त्याच दिवशी तुम्ही सगळ्यात जास्त वापरणार. तेव्हा ते घ्यायचं असेल तर लायसन घेऊन घ्या. लायसन बहुतेक ठिकाणी एका वेळी किती जण कनेक्ट होणार याच्यावर मोजतात आणि किती मशीन यादीत ठेवायची त्याला मर्यादा असते, तुमच्यासारख्याला एकच माणूस कनेक्ट होणारा पुरतो, त्यामुळे ३४ च्या पटीत पैसे पडतील असं समजून आधीच घाबरू नका, कोटेशन मागवा.

फुकटवाल्यात मला लायसनपेक्षाही जास्त खुपणारी गोष्ट वेगळीच आहे. तुम्ही फोन करता, "ताई ते लाल आयकॉन उघडा, वर नंबर दिसतोय तो वाचा, आता ॲक्सेप्ट दाबा". रोज दहा वेळा. म्हणजे आपणच स्टाफला शिकवतोय की फोनवर कोणी आयटीवाला म्हणाला की नंबर वाचून दाखवायचा आणि हो दाबायचं. २०१९ च्या फेब्रुवारीत रिझर्व्ह बँकेने एनीडेस्कचं नाव घेऊन इशारा दिला होता, लोकांना फोन करून ॲप टाकायला लावायचे, नंबर विचारायचे आणि यूपीआयमधून पैसे काढायचे. विंडोजमध्ये जे क्विक असिस्ट आयतं मिळतं त्याच्याबद्दलही २०२४ च्या मे महिन्यात मायक्रोसॉफ्टने सांगितलं की हेल्पडेस्क असल्याचं भासवून त्यातून लोकांच्या मशीनमध्ये शिरतायत. तुमच्या ऑफिसात क्लायंटचे पॅन, आधार, बँक स्टेटमेंट, पोर्टलचे पासवर्ड सगळं एका एक्सेलमध्ये असणार, मला माहितीय. म्हणून माझ्याकडे नियम असा, स्टाफने फोनवर कुठलाही नंबर कधीच वाचायचा नाही. सॉफ्टवेअर सर्व्हिस म्हणून (मशीन चालू झालं की मागे आपोआप चालणारं) आधीच टाकलेलं, माझ्याकडे यादीत मशीनचं नाव, मी कनेक्ट होणार, त्यांच्या स्क्रीनवर फक्त नाव दिसणार आणि ते परवानगी देणार. मग कोणी नंबर विचारला की तो माणूस आपला नाही हे त्यांना आपोआप कळतं.

आता डोंगल. हे तुमच्या प्रश्नात नाहीये पण तुमच्या ऑफिसात आहे, कर सल्लागार आणि डीएससी टोकन (डिजिटल सहीचं यूएसबी डोंगल) नाही असं होत नाही. हे टोकन ऑफिसच्या पीसीला लावलेलं असेल आणि साहेब घरून आरडीपीने आत आले, तर टोकन दिसणार नाही. सहीची यूटिलिटी म्हणणार टोकन सापडलं नाही. मी पहिल्यांदा हे बघितलं तेव्हा ड्रायव्हर तीन वेळा काढून घातला, शेवटी ऑफिसात माणूस पाठवला तर त्याच्यासमोर तेच टोकन व्यवस्थित चालतंय. कारण असं की आरडीपीच्या सेशनमध्ये विंडोज स्मार्ट कार्ड (हे टोकन त्याच्या लेखी तेच) शोधतं ते तुम्ही ज्या मशीनसमोर बसलाय तिथे, म्हणजे घरच्या लॅपटॉपला. ऑफिसच्या पीसीला लावलेलं त्याला त्या सेशनमध्ये दिसतच नाही. मग उपाय दोन, एकतर टोकन घरी नेऊन लॅपटॉपला लावायचं आणि आरडीपीच्या लोकल रिसोर्सेसमध्ये स्मार्ट कार्डवर टिक ठेवायची, ऑफिसच्या मशीनवर ड्रायव्हर असला की चालतं. नाहीतर आरडीपी सोडून स्क्रीन शेअर करणारं काहीतरी वापरायचं, एनीडेस्क, टीमव्ह्यूअर, रस्टडेस्क कुठलंही, ते समोरच्या मशीनची खरीखुरी स्क्रीन दाखवतात त्यामुळे समोर बसल्यासारखं टोकन दिसतं. एवढ्या एका कारणाने मी सीए लोकांकडे नुसती आरडीपी कधी देत नाही. (टोकन चोवीस तास पीसीला लावून ठेवावं का हा वेगळा वाद आहे, ती सही आहे, तुमच्या साहेबांचा शिक्का आहे, मी तरी काढून कपाटात ठेवायला सांगतो, कोण ऐकतं.)

आरडीपीची दुसरी गोष्ट म्हणजे साध्या विंडोजमध्ये एका वेळी एकच माणूस. तुम्ही आत गेलात की समोर बसलेल्याची स्क्रीन लॉक होते. ओझरच्या मुलीला एक्सेलमधलं काहीतरी दाखवायचं असेल तर ती लॉक स्क्रीन बघत बसणार. म्हणून सपोर्टला आरडीपी नको. पण घरून चार तास टॅलीत बसायचं असेल तर आरडीपीसारखं गुळगुळीत दुसरं काही नाही, हेही खरं.

तर मी तुमच्या जागी असतो तर असं केलं असतं. सगळ्या ३४ मशीनवर स्क्रीन शेअरवालं एकच सॉफ्टवेअर, सर्व्हिस म्हणून. आणि घरून काम करणारे जे तीन-चार जण असतील त्यांच्या प्रो मशीनवर आरडीपी, पण आधी व्हीपीएन (इंटरनेटवरून ऑफिसच्या मशीनपर्यंतचा बंद बोगदा), मग आरडीपी. व्हीपीएनसाठी टेलस्केल किंवा वायरगार्ड. टेलस्केलला राउटरवर काही उघडावं लागत नाही, पब्लिक आयपी नसला तरी चालतं, प्रत्येक मशीनला १०० ने सुरू होणारा स्वतःचा पत्ता मिळतो आणि आरडीपीत तो टाकायचा. एक सांगतो, व्हीपीएन झाला म्हणून टॅलीचा डेटा घरच्या लॅपटॉपवरून थेट उघडू नका, रेंगाळतो, आणि मधेच नेट तुटलं तर डेटा करप्ट व्हायची भीती. डेटा ऑफिसातच उघडायचा, आपण फक्त स्क्रीन बघायची.

स्क्रीन शेअरवालं कुठलं, हे पैशावर आणि तुमच्या हौसेवर आहे. पैसे द्यायला साहेब तयार असतील तर एनीडेस्क नाहीतर टीमव्ह्यूअरचं लायसन घ्या आणि मोकळे व्हा. नसतील तर रस्टडेस्क, ओपन सोर्स आहे, सर्व्हर आपला आपण ठेवता येतो, एखादा छोटा क्लाउड सर्व्हर घेतला तरी पुरतो. त्याचे दोन तुकडे असतात, एक मशीनांच्या आयडीचा हिशोब ठेवतो, दुसरा थेट जोडणी जमली नाही की मधे राहून डेटा पुढे ढकलतो. पोर्ट त्या क्लाउड सर्व्हरवर उघडायचे, ऑफिसच्या राउटरवर काही नाही, टीसीपी २१११५ ते २१११७ आणि २१११६ यूडीपीसुद्धा (टीसीपी आणि यूडीपी या डेटा पाठवायच्या दोन पद्धती). हा यूडीपीच लोक विसरतात आणि मग आयडी ऑनलाइन दिसत नाही म्हणून डोकं खाजवत बसतात. सर्व्हरने तयार केलेली पब्लिक की, म्हणजे त्याची ओळख पटवणारी किल्ली, सगळ्या मशीनवर तीच जायला हवी. पण फुकट सर्व्हरमध्ये कोणाला कुठल्या मशीनवर जाऊ द्यायचं याची वाटणी करता येत नाही, सामायिक अॅड्रेसबुक नाही, ते पैसेवाल्या प्रोमध्ये आहे. आणि तो सर्व्हर अपडेट ठेवणं तुमच्या डोक्यावर, रविवारी बंद पडला तर तुम्हीच उठायचं. मी स्वतः चार गिऱ्हाइकांकडे रस्टडेस्क चालवतो आणि बाकीच्यांकडे विकतचं, यावरून काय ते समजा.

आता टाकायचं कसं. डोमेन असतं तर ग्रुप पॉलिसीने (डोमेनमधून सगळ्या मशीनना हुकूम द्यायची सोय) एमएसआय, म्हणजे विंडोजची इन्स्टॉलर फाइल, सगळीकडे ढकलता आली असती. (कोणी डोमेनवाला वाचत असेल तर त्याच्यासाठी, फाइल शेअर फोल्डरमध्ये ठेवा आणि पॉलिसीत पाथ नेटवर्कचा द्या, सी ड्राइव्हचा दिला तर प्रत्येक मशीन आपापल्या सी ड्राइव्हमध्ये शोधतं. आणि त्या शेअरवर डोमेन कॉम्प्युटर्सना वाचायची परवानगी हवी, युजरना देऊन उपयोग नाही, कारण इन्स्टॉल होतं तेव्हा कोणी लॉगिन झालेलं नसतं. पहिल्या रीस्टार्टला झालं नाही तर दुसऱ्याला होतं, लगेच रडू नका.) तुमच्याकडे डोमेन नाही, प्रत्येक मशीनचा ॲडमिन पासवर्ड वेगळा, फायरवॉल वेगळी, दूरून ढकलायची व्यवस्था बसवण्यात जो आठवडा जाईल त्यात तुमची सगळी मशीन पायी फिरून होतात. ३४ मशीनसाठी इंट्यून (मायक्रोसॉफ्टची दूरून मशीन सांभाळायची सेवा) शिकायला बसू नका. एक पेन ड्राइव्ह, एक बॅच फाइल (ओळीने आज्ञा लिहिलेली फाइल), मशीनमागे पाच-सात मिनिटं. नाशिक एका दिवसात, ब्रँच दुसऱ्या दिवशी.

पण ती बॅच फाइल नीट बनवा. सेटअप सायलेंट चालला पाहिजे, म्हणजे नेक्स्ट-नेक्स्ट करायला लागू नये, सर्व्हिस म्हणून बसला पाहिजे, आणि शेवटी मशीनचं नाव, सॉफ्टवेअरचा आयडी आणि तारीख पेन ड्राइव्हवरच्या एका टेक्स्ट फाइलमध्ये एक ओळ जोडली गेली पाहिजे. ती टेक्स्ट फाइल हीच तुमची यादी, हाताने लिहायला गेलात तर तिसऱ्या मशीनला एक आकडा चुकतोच. एक खड्डा इथे हमखास आहे, बॅच फाइलवर राइट क्लिक करून रन ॲज ॲडमिनिस्ट्रेटर केलं की ती पेन ड्राइव्हवरून चालू होत नाही, विंडोजच्या सिस्टीम-थर्टीटू फोल्डरमधून होते, मग सेटअप सापडत नाही म्हणते. फाइलच्या पहिल्याच ओळीत स्वतःच्या फोल्डरमध्ये यायला सांगा. तसंच मॅप केलेला झेड ड्राइव्ह वगैरे ॲडमिनच्या खिडकीत बहुतेक वेळा दिसत नाही, तिथे नेटवर्कचा पूर्ण पाथ द्या. एमएसआय असेल तर शेवटी कोड बघा, शून्य म्हणजे झालं, ३०१० म्हणजे झालं पण रीस्टार्ट मागतंय, हे अपयश नाही, १६१८ म्हणजे दुसरं काहीतरी इन्स्टॉल चालू आहे, बहुतेक अपडेट, दहा मिनिटांनी या. १६०३ म्हणजे नुसतंच फसलं, कारण शोधत बसावं लागतं, तो आला तर मात्र चहा सांगा.

सर्व्हिस म्हणून, हे मी चौथ्यांदा लिहितोय कारण बरेच जण नुसती एक्झी फाइल डेस्कटॉपवर ठेवतात आणि चालतंय म्हणतात. चालतं, पण विंडोजने जिथे "बदल करू द्यायचे का, यस-नो" विचारलं की तुमच्याकडे स्क्रीन गोठते. ती यूएसीची खिडकी वेगळ्या सुरक्षित डेस्कटॉपवर येते, साध्या युजरच्या अधिकाराने चालणाऱ्या प्रोग्रामला ती दिसत नाही. मग तुम्ही फोनवर "ताई यस दाबा" करत बसता, आणि ताईंना ॲडमिनचा पासवर्ड माहीत नसतो, नसलाच पाहिजे.

अँटिव्हायरस आधी बघा. रिमोटची सॉफ्टवेअरं चोरही वापरतात त्यामुळे बरेच अँटिव्हायरस त्यांना संशयित धरतात, कधी लगेच उडवतात, कधी चार दिवसांनी गुपचूप. मॅनेजमेंट कन्सोल असेल तर तिथून, नसेल तर प्रत्येक मशीनवर, त्या एका फोल्डरला सूट द्या. अख्खा अँटिव्हायरस बंद करून टाकून नंतर चालू करतो म्हणणारे नंतर विसरतात, मीपण विसरलोय.

आणि घोस्ट, म्हणजे एका मशीनच्या अख्ख्या डिस्कची नक्कल (इमेज), काढून मशीन बनवत असाल तर सांभाळा. एकदा नवीन बारा मशीन आली होती, मी शहाणपणा केला, एकावर सगळं टाकलं, ऑफिस, टॅली, रिमोट, आणि त्याची इमेज बाकी अकरांवर ओतली. बाराही मशीनचा आयडी एकच. कनेक्ट केलं की जे आधी जागं झालं असेल ते उघडायचं, मला वाटलं मी कॅशिअरच्या मशीनवर आहे आणि मी मॅनेजरच्या मशीनवरची फाइल बंद करत होतो. इमेजमध्ये रिमोट ठेवू नका, इमेज ओतल्यावर शेवटी टाका.

सोमवारपर्यंत म्हणालेत तरी सगळीकडे एकदम टाकू नका. आधी तीन मशीन: सगळ्यात जुनं, साहेबांचं, आणि ब्रँचचं एक. दोन दिवस वापरा. जुन्यावर काय रडतं ते कळतं, ब्रँचच्या नेटवर काय होतं ते कळतं, आणि साहेबांचं स्वतःचं चाललं की सोमवारचा गुरुवार करायला ते हरकत घेत नाहीत.

टाकून झाल्यावरचं काम जास्त आहे. रात्री मशीन झोपलं असेल तर सॉफ्टवेअर काय करणार. ज्या मशीनवर घरून यायचंय त्यांचं स्लीप बंद, स्क्रीन बंद झाली तर होऊ दे. मॉनिटरची वायरच काढून ठेवलेली असेल तर काही पीसींवर काळी किंवा एवढीशी स्क्रीन येते, तिथे एक डमी एचडीएमआय प्लग मिळतो, बोटाएवढा, तो लावा. आणि लाईट. आपल्याकडे लाईट गेली, यूपीएसने वीस मिनिटं ओढलं, मग मशीन पडलं, लाईट आली, मशीन तसंच पडून. बायोसमध्ये (विंडोजच्या आधी उघडणारी मशीनची स्वतःची सेटिंग) एक सेटिंग असतं, वीज परत आल्यावर काय करायचं, ते पॉवर ऑनवर ठेवा, प्रत्येक कंपनीच्या बायोसमध्ये नाव जरा वेगळं असतं पण पॉवरच्या पानावर सापडतं. टॅलीच्या पीसीला तर हे आजच करा, रिमोटचं जेव्हा व्हायचं तेव्हा होऊ दे. बिटलॉकरला (विंडोजचं डिस्क कुलूपबंद करणारं साधन) सुरू होतानाचा पिन लावलेला असेल तर मात्र पिन टाकेपर्यंत विंडोजच नाही, तिथे तुमचं रिमोट पोचणार नाही.

पासवर्ड. समोर कोणी नसताना आत जाण्याचा पासवर्ड सगळ्या ३४ मशीनवर एकच ठेवायचा मोह होतो. एक मुलगा नोकरी सोडून गेला की ३४ ठिकाणी बदलावा लागतो, आणि बदलला जात नाही. वेगवेगळे ठेवा, पासवर्ड मॅनेजरमध्ये ठेवा, बॅच फाइलमध्ये लिहून ती डेस्कटॉपवर सोडू नका. सॉफ्टवेअरमध्ये ठराविक आयडीवाल्यांनाच आत येऊ द्यायची सोय असेल तर ती लावा, खात्याला टू-फॅक्टर (पासवर्डसोबत अजून एक कोड) लावा. खरं तर बिनपरवानगी आत जायची सोय सगळीकडे देऊच नका, जिथे समोर माणूस असतो तिथे त्याने हो म्हटल्यावरच. ती फक्त टॅलीचा पीसी आणि घरून वापरणाऱ्यांच्या मशीनवर.

स्टाफला आधी सांगा, हे मी कळकळीने सांगतोय. एका ऑफिसात मी न सांगता कनेक्ट झालो, प्रिंटरची सेटिंग बघायला, तर तिथल्या एक मॅडम, माउस आपोआप हलतोय बघून इतक्या घाबरल्या की त्यांनी थेट भिंतीतला प्लग उपटला. चूक त्यांची नव्हतीच, उलट त्यांनी बरोबर केलं. पण त्याहून वाईट म्हणजे नंतर सगळ्यांना वाटायला लागलं की मी दिवसभर कोण काय करतंय ते बघतो, कोणी माझ्याशी नीट बोलेना. एक पानभर मराठीत लिहा, काय टाकलंय, कोण बघू शकतं, बघत असताना स्क्रीनवर काय दिसतं, नको असेल तेव्हा काय दाबायचं, आणि साहेबांच्या सहीने लावा. हे साहेबांच्या सहीने यासाठी की उद्या साहेबच म्हणाले, "अमुक काय करतोय बघ जरा गुपचूप", तर तुम्हाला त्या कागदाकडे बोट दाखवता येतं.

आणि काढता आलं पाहिजे. २०२४ च्या फेब्रुवारीत एनीडेस्कने स्वतःच जाहीर केलं की त्यांच्या सिस्टीममध्ये कोणी शिरलं होतं, पोर्टलचे पासवर्ड त्यांनी रद्द केले, सॉफ्टवेअरवर सही करायचं सर्टिफिकेट बदललं आणि नवीन व्हर्जन टाका म्हणाले. त्या आठवड्यात ज्यांच्याकडे यादी होती त्यांचं काम दोन दिवसांत झालं. ज्यांनी फोनवर सांगून ज्याला जमेल तसं डाउनलोड करायला लावलं होतं त्यांना कुठल्या मशीनवर कुठलं व्हर्जन आहे हेच माहीत नव्हतं, मला अशा दोन ठिकाणी बोलावलं होतं, एका मशीनवर तीन वेगवेगळी रिमोट सॉफ्टवेअरं निघाली, त्यातलं एक प्रिंटरवाल्याने टाकलेलं आणि एक कोणी टाकलं ते कोणालाच सांगता येईना. म्हणून टाकायच्या बॅच फाइलबरोबरच काढायची बॅच फाइल बनवा आणि त्याच तीन मशीनवर चालवून बघा. आणि तुमचं टाकताना आधीची जुनी सगळी काढा, विचारून.

लॉगचं एक राहिलं. सर्ट-इनचे (सायबर सुरक्षेची केंद्र सरकारची संस्था) २८ एप्रिल २०२२ चे निर्देश आहेत, त्यात घुसखोरीसारखा प्रकार लक्षात आल्यावर सहा तासांत कळवायचं आणि लॉग १८० दिवस ठेवायचे असं आहे. तुमच्या सल्लागारांच्या फर्मला त्यातलं काय किती लागू ते साहेबांनी बघावं, पण कोण कधी कुठल्या मशीनवर गेलं याचे लॉग सहा महिने ठेवायला काही खर्च येत नाही, सेटिंगमध्ये दिवस वाढवायचे.

तुमच्या बाबतीत अजून दोन गोष्टी मला माहीत नाहीत आणि त्यावर बरंच ठरेल. ३४ पैकी होम किती आणि प्रो किती, आणि डीएससी टोकन कोणत्या मशीनला लागतं, साहेबांच्या का अकाउंटंटच्या. उद्या फिरता फिरता मोजून इथे लिहा, मशीनचं नाव, विंडोज, अँटिव्हायरस एवढे तीनच कॉलम. टॅलीच्या पीसीचं बायोस उद्याच उघडताय ना, तेवढ्यात जमलं तर त्याचा आरडीपी आत्ता चालू आहे का तेही बघा, आधीच्या माणसाने करून ठेवलेला असू शकतो, आणि राउटरमध्ये पोर्ट फॉरवर्डिंगचं पान उघडून ३३८९ किंवा कुठलाही अनोळखी नंबर दिसला तर मला विचारायला थांबू नका, आधी काढा.